पायऱ्या चढतानाचं पित्त

ती. आई-बाबांना सा. न.

आई, हे व्हॉट्सॲपवर पाठवतेय. बाबांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखव. फोनवर ते विषय बदलतात.

बाबा, रविवारी तुम्ही पांडवलेणीच्या पायऱ्यांवर पोट धरून बसलात म्हणे. वर "काही नाही, पित्त आहे." असेलही. अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू तुमचा सैल आहे, हे दुर्बिणीच्या तपासणीत कळलंच होतं. जोर लावला की पोटावर दाब येतो आणि आम्ल वर चढतं. त्यात तुम्ही आधी झणझणीत मिसळ खाणार, जादा तर्री घेणार, मग लेणी चढणार! तेलकट खाणं पोटातून लवकर पुढे सरकत नाही. मिसळ सोडा असं नाशिककराला सांगण्याची माझी छाती नाही. पण आधी चाला, मग खा. खाणं आधी झालंच तर मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. आई, चहा-बिस्किटांवर लगेच कपालभाती करून तुला जळजळतं, तेही यातलंच.

पण माझी झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीने. बसल्यावर पाच मिनिटांत दुखायचं थांबलं, उठून चढायला लागल्यावर पुन्हा सुरू झालं, असं आई म्हणाली. श्रम केले की येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं हृदयाचंही असू शकतं. ते छातीतच होतं असं नाही. बेंबीच्या वर, जबड्यात, कधी नुसता ढेकर अडकल्यासारखंही वाटतं. आणि बाबा, तुम्हाला शुगर आहे. शुगरवाल्यांना अशी कळ कधी कधी पुसटच जाणवते. त्यामुळे इनोने बरं वाटलं, हा काही पुरावा नाही.

नुसत्या ईसीजीवर समाधान मानू नका. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी चांगला येऊनही दोष असू शकतो. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी, हवी का, ते डॉक्टरांना विचारू. तोवर लेणी बंद, भराभर चालणंही बंद. बसूनही दुखायचं थांबलं नाही, घाम फुटला, दम लागला, तर रिक्षा शोधू नका, कुणाला विचारत बसू नका. सरळ १०८ लावा.

परवा सकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी उद्या रात्रीच पोचते. बाबांची जुनी फाईल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं काढून ठेव, आई. मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. त्या कुठल्या डब्यात आहेत ते मला माहीत आहे, बाबा.

तुमची,
मनू