बाळ्या, तू तेव्हा परत कसा आलास?

बोस्टन, फेब्रुवारी २०२४

प्रिय बाळ्या,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आम्ही बरे आहोत. माझं बीपी गोळीवर आहे, आईला थंडीनं गुडघे धरलेत. बास, तब्येतीचं झालं.

सोमवारी बीनपॉटची फायनल बघितली. मागे तुला सांगितलं होतं बघ, हार्वर्ड, बोस्टन कॉलेज, बोस्टन युनिव्हर्सिटी आणि नॉर्थईस्टर्न या चार कॉलेजांची आइस हॉकी. १९५२ पासून चाललीय. फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार, टीडी गार्डनमध्ये, सतरा हजारांवर माणूस. जिंकून देशाचं अजिंक्यपद मिळत नाही. मिळतं एक भांडं आणि वर्षभर ताठ मानेनं फिरायचा हक्क. आपलं कोल्हापूरचं फुटबॉलचं शाहू स्टेडियमच लेका, फक्त खाली बर्फ.

आमचा रोहन बीयूच्या, म्हणजे बोस्टन युनिव्हर्सिटीच्या, शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचा मित्र चिन्मय नॉर्थईस्टर्नला, हे तुला ठाऊकच आहे. दोघांच्या कॉलेजांत ट्रामचं अंतर. दोन्हीकडचं चिन्ह कुत्रा, एकाचा टेरियर, दुसऱ्याचा हस्की. तू असतास तर भुंकून स्टेडियम डोक्यावर घेतलं असतंस. बीयूकडे एकतीस बीनपॉट. नॉर्थईस्टर्ननं १९८८ नंतर तीस वर्षं कोरडी काढली आणि २०१८ला जिंकल्यापासून ऐकायलाच तयार नाहीत. यंदा बीयूकडे सतरा वर्षांचा सेलेब्रिनी होता, एनएचएल, म्हणजे इथली मोठी व्यावसायिक हॉकी लीग, तिच्या संघांनी नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये हाच पहिला जाणार म्हणतात. पोरगा बर्फावर उतरला की शेजारची माणसं बोलायची थांबतात.

मॅच कशी सांगू तुला! पाऊण मिनिटाला खेळाडू बदलतात, तेही खेळ चालू असताना, कठड्यावरून उड्या टाकून. पक, म्हणजे त्यांची रबरी चकती, निम्म्या वेळा दिसत नाही, गोलकीपरच्या मांडीवरून कळतं कुठं आहे ते. साठ मिनिटांत ३-३. मग ओव्हरटाइम, जो आधी गोल मारील तो जिंकला. माझ्या एका बाजूला रोहन, दुसऱ्या बाजूला चिन्मयचे बाबा आणि पलीकडे चिन्मय. चौघांचे गुडघे हलत होते. आणि नॉर्थईस्टर्नच्या फॉन्टेननं मारला. त्याचं पहिलं नाव गुन्नारवुल्फ, असलं नाव ठेवल्यावर पोरगं शेवटचा गोल मारणारच. पलीकडची लाल-काळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. सहा स्पर्धांत पाचवं भांडं!

आता खरी गोष्ट. जिन्यात गर्दी होती. बीयूची पोरं ‘सेफ्टी स्कूल’ म्हणून ओरडत होती. म्हणजे चांगल्या कॉलेजानं घेतलं नाही तर असावं म्हणून जिथं अर्ज टाकतात ते कॉलेज. ही ओरड नेहमीची आहे, तिचं कुणाला वाईट वाटत नाही. चिन्मयनं मागून रोहनच्या गळ्यात हात टाकला, चेष्टेत काहीतरी म्हणाला. रोहन झटकन वळला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तू बोलू नकोस, तुला आमच्याकडे वेटलिस्टवरसुद्धा घेतलं नव्हतं.”

बाळ्या, ही गोष्ट चिन्मयनं फक्त रोहनला सांगितली होती. घरी त्यानं सांगितलेलं की बीयूत मिळत होतं, पण नॉर्थईस्टर्नमध्ये शिकता शिकता सहा-सहा महिने नोकरी करायला मिळते, म्हणून मी तेच निवडलं. आणि त्याचे बाबा दोन पायऱ्या वर उभे. ते काही बोलले नाहीत, हातमोजे घालत राहिले. एरवी ही दोन पोरं ग्रीन लाइनच्या ट्रामनं कोप्लीपर्यंत एकत्र जातात, तिथून चिन्मयचा फाटा वेगळा होतो. त्या रात्री चिन्मय थंडीत चालतच निघाला.

तुला आठवलं ना? मला तिथंच, त्या जिन्यात आठवलं. फुटबॉलमध्ये तू पाटाकडील तालमीचा, मी शिवाजी तरुण मंडळाचा, आणि ती पेनल्टी नव्हतीच, हे मी आजही म्हणतो. तुमचं पोरगं स्वतःच पडलं होतं! पण त्या भांडणात तू चौकात जे बोललास त्यापुढं पेनल्टी काय. माझ्या बाबांची नोकरी गेलीय आणि ते रोज डबा घेऊन नुसतेच बाहेर पडतात, हे फक्त तुला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर गेलं.

जुनं उकरायला हे लिहीत नाही. ते कधीच मिटलंय, तुलाही माहीत आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. रंगपंचमीला तू रंग न घेता आमच्या दारात आलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता बाबांजवळ ओट्यावर बसलास. काय बोललास त्यांच्याशी? त्यांनी जाईपर्यंत सांगितलं नाही. आईला काल विचारलं, तर तिला एवढंच आठवतं की बाबांनी आत येऊन दोन चहा मागितले.

रोहन वाईट पोरगा नाही. तो म्हणतो, “मॅचमध्ये सगळेच बोलतात, बाबा.” त्यानं मेसेजवर सॉरी टाकलं, उलट नुसता अंगठा आला. त्याला वाटतंय मिटलं. मला झोप लागत नाही. तुला दुधाला जायचं तरी आमच्या दारावरून जावं लागायचं. दारात बाबा बसलेले असायचे, किती दिवस मान खाली घालून जाणार होतास! इथं असं दार नाही रे. मेमध्ये दोघांची कॉलेजं संपतात. रोहन सिएटलला जाईल, चिन्मय इथंच राहील, आणि अंगठ्यावर सगळं थांबेल. मंडळाच्या गणपतीत एका ताशावर दोघं आळीपाळीनं वाजवायचे रे, काडीवरून मारामारी करायचे. आणि रोहनला चिन्मयची माफी मागायला लावून भागणार नाही, त्याच्या बाबांसमोर जाऊन बसावं लागेल. ते कसं करायचं हे माझ्या ओळखीत फक्त तुला येतं.

मी सांगितलं तर तो बापाचं भाषण म्हणून ऐकेल. तुझं ऐकतो. तू त्याला फोन कर. आधी पेनल्टीचं सांग, तुझ्या बाजूनं सांगितलंस तरी चालेल, मग ओट्यावरचं सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल, त्याला सांग.

पोरीच्या लग्नाची तारीख ठरली का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? दुकानाच्या भाड्याचं काय झालं तेही कळव. रविवारी तुझ्या सकाळी आठला रोहनला लाव, इथं शनिवारची रात्र असते, तो जागाच असतो. नंबर तोच आहे.

तुझा,
सुन्या