नव्या गाडीवरचा ओरखडा शेवटी कुणाच्या माथी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चाकण-तळेगाव रोडला नव्या गाड्या भरलेले ट्रेलर पुणेकरांना रोज दिसतात, पण ते ट्रॅफिक जाममधे, त्यामुळे शिव्या घालण्यापलीकडे कुणी त्यांचा विचार करत नाही. मी याच लाईनमधे आहे, स्टॉकयार्डला गाड्या उतरवून घेणं आणि त्यांची कागदपत्रं बघणं हे माझं काम. म्हणून लिहितोय. कारखान्याच्या गेटपासून शोरूमपर्यंत येताना गाडीला जे लागतं, घासतं, पोचे येतात, ते तपासायचं कसं आणि भरपाई कुणी द्यायची याची सगळ्यांना लागू होईल अशी एक पद्धत मी तरी आजवर बघितली नाही. प्रत्येक कंपनीचा फॉर्म वेगळा, प्रत्येक ट्रान्सपोर्टरचा रजिस्टर वेगळा, आणि डीलरचा तर काही ठिकाणी साधा कोरा कागद.

गाडी किती हातांतून जाते बघा. आधी प्लांटचं यार्ड, मग ट्रेलर, काही गाड्या चिंचवडहून रेल्वेने जातात म्हणजे तिथे एकदा चढवणं आणि दुसऱ्या टोकाला उतरवणं, परत ट्रेलर, मग डीलरचं गोडाऊन आणि शेवटी शोरूम. लागतं ते जास्त करून चढवता-उतरवतानाच. वरच्या डेकवर गाडी घेताना बंपरचा खालचा भाग रॅम्पला घासतो, ड्रायव्हर बाहेर पडताना दाराची कड ट्रेलरच्या खांबाला लागते, रस्त्यात झाडाची फांदी टपावरून ओढत जाते. आता इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात, त्यांची बॅटरी फ्लोअरखाली असते, रॅम्पला पोट घासलं तर बाजूने बघून काहीच कळत नाही, आणि खाली वाकून बघायचं कुणाच्या चेकलिस्टमधे असतं कुणाच्या नसतं.

होतं काय, की ट्रेलर पोचतो रात्री नऊ-दहाला, कारण दिवसा शहरात एंट्री नाही. गोडाऊनला एक वॉचमन, गेटवर एक ट्यूबलाईट, गाड्यांवर बोटभर धूळ. पांढऱ्या गाडीवरचा ओरखडा त्या उजेडात दिसणार कुणाला? तरी पण उतरवून घ्यावंच लागतं, ड्रायव्हरला परत फिरायचं असतं, मग एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीवर, ‘तपासणीच्या अधीन’ असा शेरा मारून सही होते. सकाळी गाडी धुतल्यावर मागच्या दारावर वीतभर रेघ सापडते. तोवर ड्रायव्हर पार पुढे गेलेला. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतात, प्लांट म्हणतो आमच्याकडून क्लीन गेली, ट्रान्सपोर्टर म्हणतो तुमच्या गोडाऊनमधेच झालं असेल, आणि कुणाचंच खोटं ठरवता येत नाही कारण चढवतानाचा फोटोच नाही. शेवटी डेबिट नोट, म्हणजे नुकसानीच्या वसुलीचा कागद, निघते आणि ती फिरत फिरत त्या ड्रायव्हरच्या भत्त्यावर येऊन बसते. घरापासून हजार किलोमीटरवर राबणारा माणूस, त्याच्याकडे त्या गाडीचा साधा एक कागदही नसतो. हे मला फार लागतं.

दुसरं नुकसान गिऱ्हाइकाचं. क्लेमला महिने जातात म्हणून बरेचदा कुणी क्लेम करतच नाही, बॉडीशॉपला पाठवून गुपचूप डेंटिंग-पेंटिंग करून घेतात आणि गाडी दसऱ्याला हार घालून, पेढे देऊन डिलिव्हर होते. तीन-चार वर्षांनी विकायला काढली की घेणारा रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर लावतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेला पॅनल त्याच्या दुप्पट दाखवतो, खाली पुट्टी असेल तर आणखी जास्त. झालं, ‘ठोकलेली गाडी’ म्हणून भाव पाडला. दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे अनुचित व्यापारी प्रथा आहे. नखाएवढा टचअप त्यात बसतो का यावर वकील वाद घालतील, पण अख्खा दरवाजा रंगवला आणि सांगितलंच नाही तर त्याला फसवणूकच म्हणायचं.

हे काही अवघड शास्त्र नाही हो. अमेरिकेत एआयएजी नावाच्या वाहन उद्योगाच्या संघटनेचा पाच आकडी कोड चालतो. पहिले दोन आकडे गाडीचा कुठला भाग, पुढचे दोन म्हणजे ओरखडा का पोचा का तडा, आणि शेवटचा आकडा नुकसान केवढं आहे ते. युरोपातही ईसीजी या गाड्यांच्या वाहतूकदारांच्या संघटनेचं हाताळणी आणि तपासणीचं मॅन्युअल आहे. आपल्याकडे एलआरवर काय लिहिलेलं असतं, तर ‘मायनर स्क्रॅच’. मायनर म्हणजे किती, कुणाच्या नजरेने मायनर? कोड असला की चाकणचा सुपरवायझर, बिहारचा ड्रायव्हर आणि चेन्नईचा डीलर, तिघांनाही एकच गोष्ट वाचता येते.

कायदा काय म्हणतो तर कॅरेज बाय रोड अॅक्ट २००७ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस गेली नाही तर नुकसानीचा दावाच लावता येत नाही. मुदत भरपूर आहे, पण पुरावा उतरवतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात गोळा झाला नाही तर त्या सहा महिन्यांचा काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सियाम ही गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची आणि फाडा ही डीलरांची, या दोन्ही संघटनांनी ट्रान्सपोर्टरांना सोबत घेऊन एकच फॉर्म आणि एकच कोड ठरवावा. गाडी जिथे जिथे हात बदलेल तिथे चासी नंबरसकट चारही बाजू, टप आणि खालून असे फोटो निघावेत, त्यावर वेळ असावी, देणारा-घेणारा दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि एक कॉपी ड्रायव्हरच्या फोनवर तिथल्या तिथे जावी, यात तडजोड नको. रात्री उतरवलेल्या गाडीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत द्या, त्यानंतर दिसलेलं नुकसान डीलरचं. सह्या नसतील तर ड्रायव्हरच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवर आहे, मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना पुण्यातच आहे, पहिली बैठक इथे बोलवायला काय हरकत आहे?

हे ठरेपर्यंत गाडी घेणाऱ्यांनी एक करावं. रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी, गाडी धुतलेली असताना, दिवसाउजेडी जाऊन बघावी आणि पीडीआयच्या, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीच्या, कागदासोबत ट्रेलरमधून उतरवतानाचा कागदसुद्धा मागावा. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं फार कठीण जातं, तेव्हा तो कागद मिळत नाही तोवर उरलेलं पेमेंट करू नये.

आपला,
एक यार्ड सुपरवायझर, चिंचवड, पुणे