डॉक्टरांच्या संघटनांना औषध कंपन्यांकडून किती पैसे मिळतात, ते लोकांना कळू द्या

मा. श्री. हसन मुश्रीफ साहेब,
वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांच्या एखाद्या संघटनेची कॉन्फरन्स झाली, की पुढच्या काही आठवड्यांत चिठ्ठ्यांवर नवा ब्रँड दिसू लागतो. औषध तेच, कंपनी वेगळी, किंमत चढी. परवा राधानगरीकडून एसटीनं आलेले एक आजोबा मधुमेहाच्या गोळ्यांची किंमत ऐकून म्हणाले, "महिन्याच्या नकोत, दहा दिवसांच्याच द्या." त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड माझ्या मागच्याच खणात होता. पण चिठ्ठीवरचा ब्रँड परस्पर बदलायला कायद्यानं मला मनाई आहे. उरलेले वीस दिवस ते काय करणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

अशा कॉन्फरन्सला मी गेलो आहे. कमानीपासून गळ्यातल्या बॅजच्या दोरीपर्यंत कंपन्यांची नावं. प्लॅटिनम, गोल्ड अशी प्रायोजकांची उतरंड, आणि ज्याचे पैसे जास्त त्याचा स्टॉल सभागृहाच्या दाराला लागून. मधुमेहावरच्या सत्राचा खर्च मधुमेहाची गोळी विकणारी कंपनी करते. व्यासपीठावरचा डॉक्टर कितीही प्रामाणिक असो (आणि कोल्हापुरात असे पुष्कळ आहेत), बोलायला कोणाला बोलवायचं आणि विषय कोणता, हे ठरवताना पैसे देणाऱ्याचं मन सांभाळलं जातंच.

कायद्यातली फट कुठे आहे, ते आपल्याला सांगायला नको. देशभरच्या डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २००९ मध्ये कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घ्यायला बंदी केली. ती डॉक्टरांना होती, तशीच त्यांच्या संघटनांनाही होती. २०१६ मध्ये दुरुस्ती करून त्यातून संघटनांना वगळलं. म्हणजे एकट्या डॉक्टरनं घेतलं तर गैरवर्तन, आणि तेच पैसे संघटनेच्या खात्यावर आले तर प्रायोजकत्व! कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये कडक नियम आणले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. औषध कंपन्यांनी जाहिरात-विक्री कशी करावी, यासाठीच्या मार्च २०२४ च्या केंद्राच्या विपणन संहितेनुसार कॉन्फरन्सचा खर्च कंपनीनं आपल्या वेबसाइटवर टाकायचा आहे. पण त्याविरुद्धची तक्रार ऐकणार कंपन्यांच्याच संघटनेची समिती. आणि पैसे घेणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला तिथे कोणी काही विचारत नाही.

२००८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेनं फळांच्या रसाच्या आणि ओट्सच्या ब्रँडला आपलं नाव वापरू दिलं, तेव्हा ते पाकिटावर छापलेलं होतं. लोकांना दिसलं, म्हणून त्यावर बोलता आलं. कॉन्फरन्सचे पैसे रुग्णाला दिसतच नाहीत.

साहेब, दिल्लीचे नियम आपल्या हातात नाहीत, पण राज्यातल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी महाराष्ट्र वैद्यक परिषद आपल्या खात्याच्या अखत्यारीत येते. डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट (कॉन्फरन्सला हजर राहिल्याचे गुण) लागतात आणि कोणत्या कॉन्फरन्सला ते द्यायचे, हे वैद्यक परिषद ठरवते. तिथे एक अट घाला. कोणत्या कंपनीनं किती रुपये दिले आणि ते कशावर खर्च झाले, याचा हिशेब संघटनेनं जाहीर करावा. व्यासपीठावरच्या प्रत्येक वक्त्यानं कोणाकडून मानधन घेतलं, तेही सांगावं. हिशेब दिला नाही, तर पुढच्या वर्षी क्रेडिट पॉइंट नाहीत.

संघटना म्हणतील, मग कॉन्फरन्स होणारच नाहीत. होतील. तारांकित हॉटेल आणि रात्रीची मेजवानी वगळली, तर शिकायला फार पैसे लागत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. तिथल्या वर्गात डॉक्टरांनी स्वतःची फी भरून बसावं. बाकीचे व्यावसायिक आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतःच करतात.

आपण कागलचे. उपचारासाठी मदत मागायला आपल्या दारी रोज माणसं येतात, त्यांच्या खिशाची अवस्था आपण माझ्यापेक्षा जवळून पाहता. या अटीचा प्रस्ताव वैद्यक परिषदेकडे कधी पाठवणार, एवढं जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता,
राजारामपुरी, कोल्हापूर