बाबा, तुमच्या ‘काय उपयोग’वर

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, परवा फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, “आता आमचा कुणाला काय उपयोग? देवानं न्यावं आता.” सहज बोललात, पण ते वाक्य माझी पाठ सोडेना. फोनवर मला चटकन उत्तर सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. हाच प्रश्न गेले कित्येक महिने मीही देवाला विचारते आहे. आजार गेला, अशक्तपणा मात्र मुक्कामाला राहिला. दुपार झाली की अंगातलं त्राण संपतं. काम अर्ध्यावर आणलं, संडे स्कूल सोडलं. त्यात एका बाईंनी प्रार्थनेनंतर मला बाजूला घेऊन समजावलं की विश्वास पुरेसा असता तर एव्हाना बरी झाली असतीस. मी गप्प राहिले. घरी येऊन बायबलमधलं, प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेलं दुसरं पत्र उघडलं, थोडं रागानंच.

त्यातला बारावा अध्याय आपल्याला जवळजवळ पाठ आहे, तरी जरा सावकाश वाचून बघा. शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून पौलानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. तो कसला होता हे पौल सांगतही नाही. कुणी म्हणतात डोळ्यांचं दुखणं असावं, पण ते सगळे अंदाजच. मला वाटतं, सांगितलं नाही तेच बरं केलं. ज्याला त्याला आपापला काटा तिथं ठेवून वाचता येतं. त्याला उत्तर मिळालं ते एवढंच की माझी कृपा तुला पुरे, माझं सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णतेला येतं. आता पौलाचाच विश्वास कमी पडला असं त्या बाईंना म्हणायचं असेल तर म्हणोत बापड्या!

आणि त्याच पत्रात, दोन अध्याय अलीकडे, लोक आपल्याविषयी काय बोलतात तेही त्यानं लिहून ठेवलंय. पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा आणि बोलणं टाकाऊ. स्वतःची अशी निंदा स्वतःच्या हातानं पत्रात घालायला मन केवढं निवांत असावं लागतं.

अशक्तपणा चांगला असतो, असं मी म्हणत नाहीये. आई, तुझे गुडघे दुखतात ते दुखतातच. पौलानंही आधी बरं होणंच मागितलं होतं.

माझं खरं अडलं होतं ते किमतीपाशी. हातून काही होत नाही, मग मी कोण? यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. शिष्य जमायचे होते, आजारी बरे व्हायचे होते, डोंगरावरचं प्रवचन व्हायचं होतं. आणि तेव्हाच आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. पाठीवर हात आधी पडला, काम पुढं सुरू झालं. आपल्या घरात (बाबा, रागावू नका) आधी निकाल दाखवायचा आणि मग शाबासकी, असा रिवाज होता. देवही तसाच असणार असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

संदेष्टा एलीया तर मला या आजारपणात नव्यानंच भेटला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला हा माणूस रानात एका झुडपाखाली मरण मागत बसलाय. बाबा, तुमचं ‘देवानं न्यावं आता’ हे अगदी त्याचंच. देव त्याला रागावला नाही, उपदेशही केला नाही. दूतानं येऊन उठवलं, भाकर-पाणी दिलं, आणि तो खाऊन परत आडवा झाला तर होऊ दिलं. दुसऱ्यांदा उठवताना दूत म्हणाला, खाऊन घे, वाट तुझ्या ताकदीबाहेरची आहे. म्हणजे त्याचा थकवा देवानं आधीच हिशेबात धरला होता. मग ४० दिवस चालून होरेब डोंगर, आणि तिथं सोपवलेल्या कामांत एक काम असं की अलीशाला तुझ्या जागी तयार कर. मी एकटाच उरलो, असा त्याचा हट्ट होता. त्याला हेही सांगितलं की बाल दैवतापुढं न वाकलेले आणखी ७,००० आहेत.

बाबा, आवाज कापतो म्हणून तुम्ही मंडळीत वचन वाचायचं सोडलंत. मोशे मिसरच्या राजापुढं, फारोपुढं उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता, वर जिभेनं जड. त्याची जीभ सुधारली असं कुठं लिहिलेलं नाही. त्याला ८३ वर्षांचा भाऊ अहरोन बोलायला सोबत दिला. तुमच्याकडे तर आई आहे, आणि ती बोलण्यात अहरोनाला हार जाणार नाही.

आई, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून तुला प्रार्थना अपुरी वाटते. लूकच्या शुभवर्तमानातल्या हन्नाचं बघ. ८४ वर्षांची विधवा, मंदिर न सोडता उपास-प्रार्थना करत राहिलेली. तिचं एकही वाक्य लूक देत नाही, पण बापाचं नाव आणि वंश आठवणीनं नोंदवतो.

आता माझ्या दोन मागण्या. बाबा, ७१वं स्तोत्र तुमच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. केस पिकले तरी मला टाकू नकोस, पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत, असं त्यात आहे, आणि इथं पुढची पिढी ऐकायला तयार बसली आहे. कापरा आवाज चालेल; मुलांना आजोबांचा आवाज तसाच ठाऊक आहे. आई, माझ्या दुपारींसाठी प्रार्थना कर, बसून, पडून, जमेल तशी. बरी झालेच नाही तरी कृपा पुरे, असं मला अजून मनापासून म्हणता येत नाही. त्यासाठीही माग.

गोळ्या वेळेवर घ्या. रविवारी उपासनेनंतर फोन करते.

तुमची लेक