लालबागच्या कारखान्यातल्या काकांना, एका खणाबद्दल

काका, सादर नमस्कार.

माझ्या गाडीत जीपीएसच्या यंत्रासाठी तुम्ही जो खण करून दिलात, त्याच्या आभाराचं हे पत्र तुमच्या हातात द्यायला मी गेल्या आठवड्यात आले होते. दारात ताडपत्री, आत अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती आणि तुम्ही वर मचाणावर. खालून दोन हाका मारल्या, पण कॉम्प्रेसरच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत. गणपती तोंडावर आलेले असताना तुमचा हात थांबवायचा नाही, एवढं मला आता कळतं. म्हणून परत फिरले आणि इथे सगळ्यांसमोर लिहायला बसले. नातू वाचून दाखवील. तुमचं नाव लिहीत नाही, कारण "माजा नाव कित्याक घालतंस?" असं तुम्ही नक्की म्हणाल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं पहिल्यापासून सांगते. मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते. सकाळी दहिसर, दुपारी भांडुप, संध्याकाळी परळ-लालबाग, असा दिवस. रस्ता बघायला फोन लावला की नेमका वळणावर पेशंटचा फोन येतो आणि नकाशा जातो. उन्हात फोन इतका तापतो की पडदाच मंद होतो. म्हणून कपाटात पडलेलं जुनं जीपीएसचं यंत्र बाहेर काढलं. पाच इंची पडदा, नकाशे आतच साठवलेले, नेटवर्कची गरज नाही. पण ते बसवायचं कुठे? काचेला चिकटणारा सक्शनचा होल्डर सकाळी घट्ट असायचा आणि दुपारी उन्हाने रबर सैल पडलं की धप्पकन खाली. एकदा घाटकोपरच्या सिग्नलजवळ यंत्र थेट ब्रेकच्या पायाशी येऊन पडलं. त्या दिवशी ठरवलं, हे डॅशबोर्डमध्येच पक्कं बसवायचं.

दोन-तीन दुकानांत गेले. प्रत्येकाने आधी स्टिरिओचं भोक बघितलं. एकाने तर माप घेऊन थ्रीडी प्रिंटरवर सुबक चौकट काढून दिली. दिसायला फार छान होती. ऑक्टोबरच्या उन्हात गाडी चार तास उभी राहिली आणि चौकटीचा वरचा काठ मेणासारखा वाकला. ते पीएलए नावाचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड उन्हात त्याच्याही वर जातो, हे मला नंतर कळलं. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते पुन्हा त्या सक्शनच्या होल्डरकडे जावं लागलं याचं.

काकूंच्या आखडलेल्या खांद्यासाठी मी तुमच्याकडे येत होते, तेव्हा एकदा तुम्ही मला गाडीपर्यंत सोडायला आलात. ती वाकलेली चौकट सीटवर पडली होती. तुम्ही ती उचललीत, बोटाने दाबून बघितलीत आणि विचारलंत, "गाडी कोण चालवता? तूच मां? मग आधी तू बस."

काका, आभार मला खरं तर या एका वाक्याचे मानायचे आहेत. तोवर सगळ्यांनी भोक मोजलं होतं, यंत्र मोजलं होतं. मी कशी बसते, माझी नजर कुठे जाते, डावा हात कुठवर पोचतो हे कुणीच बघितलं नव्हतं. माझ्या कामात मी पेशंटला आधी खुर्चीत बसवून बघते, मगच खांद्याला हात लावते. तीच रीत गणपतीच्या कारखान्यातल्या माणसाकडे निघाली, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग पुठ्ठा आला. कार स्टिरिओची मापं ठरलेली असतात: एकमजली १८० बाय ५० मिलिमीटर, दुमजली १८० बाय १००. माझं यंत्र साडेआठ सेंटिमीटर उंच, म्हणजे दुमजली जागाच लागणार. बंद पडलेला सीडीवाला स्टिरिओ आणि वरचा सुट्या पैशांचा कप्पा, दोन्ही काढले. मला त्याची हळहळ नाही. त्या जागेत तुम्ही पुठ्ठ्याची चौकट बसवलीत आणि यंत्राच्या जागी घरातला दाढीचा आरसा धरलात. "काय दिसता?" मी म्हटलं, मागच्या डाव्या खिडकीचा पांढरा उजेड. आरशात जे दिसेल तेच पडद्यावर पडणार, आणि उजेड पडला तर नकाशा दिसणार नाही, हे तुम्ही न शिकता जाणलंत. मूर्तीच्या डोळ्यांवर दिव्याची चमक कुठे येते हे बघायची सवय, असं म्हणालात. आरसा थोडा माझ्याकडे वळवून थोडा पुढे झुकवत गेलात. शेवटी त्यात शेजारच्या सीटची काळी पाठ दिसायला लागली, तेव्हा पेन्सिलीने खूण केलीत.

त्यानंतर मला पहिला, तिसरा, पाचवा गिअर टाकायला लावलात. तिन्ही वेळा मूठ पुढे जाते. तिसऱ्याला माझ्या बोटांची पेरं पुठ्ठ्याला घासली. लगेच खालचा ओठ अर्धा इंच कापलात.

उपग्रहांच्या सिग्नलची गोष्ट आठवली की अजून धडधडतं. पुठ्ठ्यात यंत्र बसवून सुरू केलं, तर एकही उपग्रह सापडेना. मला वाटलं, संपलं सगळं. तुम्ही मान वर केलीत. "वर पूल आसा मां!" लालबागचा उड्डाणपूल! गाडी काळाचौकीच्या मैदानाकडे नेली, उघड्या आभाळाखाली, आणि पडद्यावर सिग्नलची एकेक दांडी उभी राहिली. हे उपग्रह २०,००० किलोमीटरहून उंच फिरतात आणि जागा समजायला एका वेळी किमान चार तरी लागतात. खाली पोचेपर्यंत त्यांचा सिग्नल इतका क्षीण झालेला असतो की मध्ये धातूचा पत्रा आला की तो अडतो. स्टिरिओची जुनी पेटी पत्र्याचीच होती. यंत्र तिच्यात खोल सरकवलं की दांड्या पडत, दोन सेंटिमीटर बाहेर काढलं की परत येत. आभाळ दिसायला ते मागे रेललेलं हवं आणि उजेड टाळायला पुढे झुकलेलं. तुम्ही पुढे झुकवलेलंच ठेवलंत, पत्र्याची पेटी काढून टाकलीत आणि यंत्र डॅशबोर्डच्या पातळीपेक्षा थोडं पुढे आणलंत. पुढचे दोन दिवस मी त्याच पुठ्ठ्यावर गाडी चालवली. तुमचीच अट होती: आधी पुठ्ठा पास होऊ दे.

मग खरं काम. खऱ्या यंत्राला हात लावू दिला नाहीत. लाकडाचा ठोकळा करायला लावलात, चारी बाजूंनी दीड मिलिमीटर मोठा. त्याच्याभोवती शाडू. डॅशबोर्डचा बाक शाडूत कसा उतरवायचा हे तुम्ही अंगठ्याने एकदाच दाखवलंत आणि मग गोळा माझ्यापुढे ठेवलात. माझे हात दिवसभर माणसांच्या स्नायूंवर असतात, तरी त्या मातीने मला तासाभरात नवीन काहीतरी शिकवलं. वर प्लास्टरचा साचा, आतून मेणाचं पॉलिश तीनदा, मग रेझिन.

रेझिनच्या वेळी मात्र तुमचा आवाज बदलला होता. रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्टचं द्रावण आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचं, हार्डनर त्यानंतर, आणि त्या दोन बाटल्या शेजारी शेजारीसुद्धा ठेवायच्या नाहीत. ते दोघे थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. ज्यांना हे घरी करायचं असेल त्यांनी या परिच्छेदातलं एवढं तरी लक्षात ठेवा. खिडक्या उघड्या, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घासताना तोंडाला मास्क. काचेच्या धाग्यांच्या मॅटचे दोन थर, आणि ब्रशने ठोकून ठोकून त्यातली हवा काढणं. दुसऱ्या दिवशी साचा फोडला तेव्हा आतून ती चौकट निघाली. काठाला खडबडीत होती, पण बाक अगदी माझ्या गाडीचा. तुम्ही तिला 'खण' म्हणालात. तेव्हापासून आमच्या घरी तेच नाव आहे.

पुट्टी आणि पॉलिश पेपर ८० नंबरपासून ६०० पर्यंत, सगळं मीच घासलं. चार संध्याकाळी गेल्या. रंगाच्या वेळी मला चंदेरी आवडला होता. "त्यात धातूची पूड आसता," तुम्ही म्हणालात, "मगे तुजो सिग्नल?" मैदानाजवळची गोष्ट तुम्ही विसरला नव्हतात. मॅट काळाच मारला. रात्री काचेत त्याची सावलीही पडत नाही.

आतून मखराची उरलेली मखमल लावलीत, त्या दीड मिलिमीटरच्या फटीत. त्यामुळे खड्ड्यातसुद्धा खडखड नाही, आणि यंत्र वरून बोटाने दाबलं की बाहेर येतं. गाडी उन्हात ठेवताना मी ते सोबत घेऊन जाते, कारण आतली लिथियम बॅटरी तापलेली चालत नाही. मागे बारा भोकं पाडलीत. मला वाटलं फक्त हवेसाठी. पण स्पीकर यंत्राच्या पाठीला असतो, हे तुम्ही माझ्याआधी बघितलं होतं. भोकं नसती तर "उजवीकडे वळा" हे रजईतून बोलल्यासारखं आलं असतं.

विजेचं काम गल्लीतल्या वायरमन दादांनी केलं, त्यांचेही आभार. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मगच हात घातला त्यांनी. मग वायर जोडून, चावी फिरवल्यावरच जिच्यात करंट येतो ती वायर टेस्ट लॅम्पने शोधली, तिथेच जवळ छोटा फ्यूज घातला आणि १२ व्होल्टचे ५ करणारा कन्व्हर्टर मागे बांधला.

आता हिशेब द्यायचा तर, मे महिना पार पडला आणि खण तसूभर हलला नाही. पावसाळाही निम्मा झाला. फ्रीवेच्या बोगद्यात नकाशा थिजतो आणि बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने पुन्हा मला शोधतो, तेवढं चालायचंच. हिंदमाताला पाणी भरलंय का, अंधेरी सबवे बंद आहे का, हे ते सांगत नाही. ते मी पेशंटनाच विचारते. पण मान खाली घालून फोन शोधणं बंद झालं. रस्त्यावरची नजर जरा डावीकडे सरकते, बाण दिसतो, परत रस्त्यावर येते. जुलैत एका मुसळधार संध्याकाळी साकीनाक्याहून विक्रोळीला एका आजोबांकडे वेळेत पोचले. ते जिन्यावरून पडले होते आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी गाडीतून उतरताना मी खणावर हात ठेवला.

तुम्ही रेझिन आणि मॅटचेच पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर काकूंच्या खांद्याकडे बोट दाखवलंत. काका, खांद्याची फी तुम्ही मला दर वेळी दिली आहे, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

अनंत चतुर्दशी झाली की गाडी घेऊन येते. डाव्या कोपऱ्यात मखमलीचा एक धागा सुटलाय, तो कसा बसवायचा ते दाखवा, मी बसवीन. आणि काकूंना म्हणावं, कारखान्यात कितीही घाई असली तरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सोडायचा नाही. गेल्या वेळी घड्याळाच्या खिळ्यापर्यंत हात पोचला होता.

तुमची,
डॉक्टरबाई