‘जातो’ म्हणणाऱ्याला सवलत नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखादा मोठा उद्योग महाराष्ट्राबाहेर जाणार अशी कुणकुण लागली की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात : तो कोणाच्या कारकिर्दीत गेला, आणि त्याला थोपवण्यासाठी सरकारने काय देऊ केले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला, पुढच्याच महिन्यात टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा प्रकल्प वडोदऱ्यात होणार असल्याचे जाहीर झाले, आणि मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पाकडे डोळे लावून बसलेल्या नागपूरकरांच्या ते फारच जिव्हारी लागले. शेजारचे राज्य देते त्याहून अधिक आपण द्यावे, ही मागणी तेव्हापासून जवळपास सर्वपक्षीय झाली आहे. हिंगणा औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे छोटे युनिट चालवणारा, मोठ्या कारखान्यांच्या जॉबवर्कवरच ज्याचे घर चालते असा माणूस म्हणून या मागणीला मला विरोध नोंदवायचा आहे. मोठे कारखाने जावेत असे मला वाटण्याचे काहीच कारण नाही. ते गेले तर त्यांच्या फाटकाला कुलूप लागण्याआधी माझे शटर खाली येईल.

सवलत आणि सवलत यांत फरक केला पाहिजे. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्याच्या मागास भागांत जावेत हा तिचा हेतू होता आणि तो रास्त होता. बंदरापासून आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नागपूरच्या कारखानदाराला कंटेनरच्या भाड्यातच जो तोटा सोसावा लागतो, त्याची काही भरपाई सरकारने केली तर त्यात अन्याय नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना २०१६ पासून दिली गेलेली वीजदरातील सवलत याच जातीची आहे, आणि ती नसती तर नागपूरजवळच्या बुटीबोरीतील अनेक युनिटे केव्हाच सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील सौंसर-बोरगावला गेली असती असे आमच्यातले जाणते लोक सांगतात. ही सवलत प्रदेशासाठी असते, नियमाने मिळते आणि त्या प्रदेशात असणाऱ्या प्रत्येकाला मागता येते. ‘मला अमुक द्या, नाहीतर मी चाललो’ असे म्हणणाऱ्या एकाच कंपनीसाठी मंत्रिमंडळाच्या उपसमितीत खास शिवलेले पॅकेज ही निराळी गोष्ट आहे. माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे.

या पॅकेजमधला पैसा कुठून येतो हे फारसे कोणी सांगत नाही. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याला कर सरळ माफ करता येत नाही, म्हणून कंपनी तो आधी भरते आणि नंतर राज्याच्या वाट्याचा कर अनुदान म्हणून परत मागते. हा राज्याचा कर राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा असतो. माल परराज्यात गेला तर कर त्या राज्याकडे जातो. याचा सरळ अर्थ असा, की अकोल्याच्या किंवा साताऱ्याच्या ग्राहकाने बिलावर जो कर मोजला, तोच तिजोरीतून फिरून कारखानदाराच्या खात्यात येतो. तो दवाखान्याला किंवा रस्त्याला गेला असता. हे चूकच आहे असे मी म्हणत नाही, पण सवलत म्हणजे सरकारने न घेतलेला पैसा, असे जे भासवले जाते ते बरोबर नाही. तो घेतलेला पैसा आहे.

शिवाय ‘जातो’ हे म्हणणे खरे किती, हे ओळखायचे कसे? कारखाना कुठे राहील हे जमीन, वीज, पाणी, कुशल कामगार, पुरवठादार आणि बाजारपेठ यांवर ठरते. सवलत ही बहुधा शेवटची चिमूट असते. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी तिथल्या अनेक अभ्यासांचा २०१८ मध्ये आढावा घेतला, तेव्हा सवलतीमुळेच निर्णय फिरला अशी प्रकरणे शंभरात २ ते २५ इतकीच निघाली. बाकीच्यांनी जे करायचे ठरवले होते तेच केले आणि वर पैसे घेतले. बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मात्र प्रत्येक कंपनी त्या पंचविसांतलीच म्हणून बसते.

बोइंगचे उदाहरण नागपूरला विशेष लागू आहे, कारण विमान दुरुस्ती केंद्राच्या निमित्ताने ते नाव आपल्या मिहानशीही जोडलेले आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१३ मध्ये या कंपनीला आणि तिथल्या विमान उद्योगाला २०४० पर्यंतच्या ८.७ अब्ज डॉलरच्या करसवलती दिल्या. नव्या विमानाची जुळणी इथेच करायची अशी अट घातली, पण एकूण किती माणसे कामावर ठेवायची याची अट घातली नाही. पुढच्या काही वर्षांत तिथल्या हजारो नोकऱ्या गेल्या आणि २०२० मध्ये ७८७ या विमानाची सगळी जुळणी साउथ कॅरोलिनाला हलवण्याचा निर्णय जाहीर झाला. करारात जे लिहिले होते ते कंपनीने पाळले. जे लिहिले नव्हते ते पाळण्याचे तिला कारण नव्हते.

आपल्याकडे पश्चिम बंगालमधील सिंगूर सोडून २००८ मध्ये गुजरातेतील साणंदला गेलेल्या टाटांच्या नॅनो मोटारीचे उदाहरण सवलतींच्या बाजूने नेहमी दिले जाते. गुजरातने त्या प्रकल्पाला अवघ्या ०.१ टक्के व्याजाने वीस वर्षांचे कर्ज देऊ केले होते. नॅनो बंद पडली, तरी कारखाना टिकला आणि साणंद परिसरात वाहन उद्योग उभा राहिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच साणंदला आलेल्या फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटारींचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि तिचा तिथला मोटारींचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. कंपन्या आल्या आणि गेल्या. जागेवर राहिले ते रस्ते, वीज, वसाहत आणि तयार झालेले कामगार. सरकारचा पैसा ज्यावर खर्च व्हायला हवा ते हेच आहे, कारण ते उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही.

त्याच साणंदमध्ये मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीचा २२,५१६ कोटींचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यातला ५० टक्के भार केंद्राचा आणि २० टक्के राज्याचा आहे, आणि थेट नोकऱ्या सांगितल्या गेल्या ५,०००. म्हणजे एका थेट नोकरीमागे सरकारचे ३ कोटींहून अधिक रुपये. चिप देशात बनाव्यात यासाठी हा खर्च आहे असे कोणी म्हटले तर त्यावर वेगळी चर्चा होऊ शकेल, पण रोजगारासाठी म्हणून हा सौदा कोणी गळी उतरवू नये.

नागपूरला तर दूरची उदाहरणे शोधायचीही गरज नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि शंभर वर्षे तिने या शहराला कामावर ठेवले. १९८६ मध्ये ती टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद झाली. कामगारांसाठी ती चालू ठेवणे तेव्हा माणुसकीचे वाटले असेल, आणि त्या काळात ज्यांच्या घरी पगार आला त्यांना मी काय म्हणून दोष देऊ? परंतु त्या सोळा वर्षांत कामगारांच्या पुढच्या पिढीला दुसरे कोणते कौशल्य देता आले असते, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. पैसा गिरणीला मिळाला, गिरणीत काम करणाऱ्यांची पोरे मात्र रिक्षा चालवू लागली.

आता माझ्या परिसराविषयी. सकाळच्या पाळीला एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले तर दोन रांगा दिसतात. एक कायम कामगारांची, जी दरवर्षी आखूड होते आहे, आणि दुसरी ठेकेदारांच्या माणसांची. या दुसऱ्या रांगेतली माणसे डिगडोह, इसासनी, वानाडोंगरीच्या एका खोलीत चौघे-पाच जण मिळून राहतात, आणि ठेका बदलला की त्यांचे कार्ड बदलते, कारखाना तोच. रोजगाराचा आकडा सांगताना या दोन्ही रांगा एकत्र मोजल्या जातात. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणात कंपनीच्या नावावर किती आणि ठेकेदाराच्या नावावर किती हे स्पष्ट असते, तेव्हा सवलत मोजायचीच असेल तर त्या विवरणावरून मोजावी, प्रकल्प अहवालातल्या अंदाजावरून नव्हे. तसेच ८० टक्के कामगार स्थानिक असावेत ही अट महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे, नागपूरच्या रहिवाशांसाठी नव्हे. विदर्भाच्या नावाने सवलत घेणाऱ्याला विदर्भाविषयी वेगळी अट का नसावी?

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो, आणि अलीकडे आयकर कायद्यातही त्यासाठी तरतूद झाली. तरीही माझ्यासारख्याला माल पोचवल्यावर खरेदी विभागाचा, मग तपासणी विभागाचा, मग लेखा विभागाचा उंबरठा झिजवावा लागतो. एका मोठ्या कंपनीकडे माझे पैसे एकदा इतके महिने अडकले, की पगारासाठी मला बँकेच्या सीसी, म्हणजे उचल-कर्जाच्या, खात्यातून व्याजाने पैसे काढावे लागले. तक्रार करता येते, पण तक्रार करणाऱ्याला पुढची वर्क ऑर्डर कोण देणार? ज्या कंपनीला सरकार कोट्यवधी परत देते, तिच्या परताव्यातून लघुउद्योजकांची थकबाकी आधी वळती करावी एवढी अट घातली, तरी या वसाहतीतल्या शेकडो युनिटांना ती कोणत्याही पॅकेजपेक्षा मोलाची ठरेल. दहा-वीस माणसांना कामावर ठेवणाऱ्या या युनिटांनी ‘जातो’ म्हटले तर कोणाची उपसमिती बसत नाही.

दुसरे राज्य देत असताना आपण हात आखडता घ्यायचा का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर एकट्या महाराष्ट्राकडे नाही. पण राज्यांना एकत्र बसता येते. १९९९ मध्ये सर्व राज्यांनी मिळून विक्रीकराचे समान किमान दर ठरवले आणि नव्या उद्योगांना विक्रीकरात सवलती न देण्याचे मान्य केले होते. पुढे पळवाटा निघाल्या, परंतु तसे ठरवता येते एवढे तरी त्यातून दिसले. अमेरिकेत कॅन्सस आणि मिसुरी या राज्यांनी २०१९ मध्ये कॅन्सस सिटी परिसरापुरता तसाच समझोता केला : हद्दीपलीकडून आधीच असलेल्या नोकऱ्या ओढून आणण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने नागपूर-छिंदवाडा पट्ट्यासाठी असे काही करून पाहायला काय हरकत आहे? एकच ट्रक, एकच मजूर आणि एकच बाजारपेठ असलेल्या या भागात कारखाना साठ-सत्तर किलोमीटर इकडून तिकडे नेण्यासाठी दोन्ही तिजोऱ्यांतून पैसे जाणे हा शुद्ध तोटा आहे.

कंपन्यांनीही या आश्वासनांवर फार विसंबू नये. पश्चिम बंगालने २०२५ मध्ये कायदा करून १९९३ पासूनच्या प्रोत्साहन योजना एकदम मागे घेतल्या आणि उद्योगांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. सवलतीवर ताळेबंद उभारणाऱ्या उद्योगाचे पुढे काय होते हे त्यातून दिसते.

येत्या हिवाळी अधिवेशनात विदर्भातील आमदारांनी, ते कोणत्याही बाकावर बसत असोत, एक यादी सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावावी. नागपूर विभागात गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या कंपनीला खास पॅकेज मिळाले तिचे नाव, आजवर प्रत्यक्ष दिलेली रक्कम, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीनुसार कायम आणि ठेक्यावरील कामगारांची वर्षवार संख्या, आणि अट मोडल्याबद्दल एखाद्याकडून एक रुपया तरी वसूल झाला असल्यास तो आकडा. अधिवेशन नागपूरलाच असते, उद्योग विभागाचे अधिकारीही इथेच मुक्कामी असतात, तेव्हा कागद मुंबईत राहिले ही सबब चालणार नाही.

आपला नम्र,
एक लघुउद्योजक
हिंगणा मार्ग, नागपूर