झुरळांवर फवारा नको, जेल लावा

संपादक महोदय,

सोसायट्यांमधून झुरळांवर सर्रास फवारणी होते आणि महिन्याभरात ती पुन्हा हजर होतात. ओट्याखालची छोटी, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेली जर्मन झुरळे फवाऱ्याने पांगतात, शेजारच्या घरात शिरतात. मादीच्या अंड्यांच्या कोशात ३० ते ४० अंडी असतात. त्याच्या कवचाआड ती बहुधा वाचतात.

त्यापेक्षा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांचे, झुरळे खातात असे जेल वापरावे. मसुराएवढे ठिपके कपाटाच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरजवळ, सिंकच्या पाइपामागे, मुलांचा हात पोचणार नाही असे लावावेत. एकच मोठा गोळा नको. जेल खाल्लेल्या झुरळांची विष्ठा आणि मेलेली झुरळे पिल्ले खातात, तीही मरतात. मात्र ठिपक्यांवर फवारा किंवा फिनेल पडले की झुरळे तोंड लावत नाहीत, आणि दोष जेलला दिला जातो! दोन-तीन आठवड्यांनी, उरलेली अंडी फुटल्यावर, पुन्हा ठिपके लावावेत. रात्री सिंक पुसून कोरडे ठेवावे.

मोरीतून येणारी मोठी, तांबूस झुरळे वेगळी. त्यांच्यासाठी मोरीला बारीक जाळी हवी आणि चेंबरची झाकणे घट्ट हवीत. हे काम सोसायटीनेच करायला हवे.

– एक वाचक, ठाणे